सीटखालची शाल

सूड घ्यायला मी संक्रांतीपर्यंत थांबले, आणि घेतला तो उखाण्यात.

आदल्या ऑगस्टात नवरा आणि मी मसाई माराला गेलो होतो. लेक पुण्याला आजीकडे होती. चढत्या उन्हात कमरेइतकं पिवळं गवत, दूर चपट्या माथ्यांच्या बाभळी, झेब्र्यांची रांग. अचानक गवतातून सिंहीण उठली आणि आमच्या जीपच्या सावलीत, चाकाला टेकून बसली. मागून दोन बछडे आले. तिच्या हनुवटीवरचं रक्त अजून ओलं होतं. मी उघड्या टपातून वाकून फोटो काढत राहिले. नवरा माझी शाल तोंडावर ओढून सीटखाली.

आयर्लंडमध्ये डून लेरीच्या आमच्या घरी तो सिंहिणीचा फोटो हॉलमध्ये लागला. त्याखाली बसून नवरा येईल त्याला सांगू लागला, "मी फोटो काढतोय आणि ही सीटखाली! शाल घेऊन!" त्याचे चेरीवूडच्या ऑफिसातले मित्र पोट धरून हसायचे. चार लोकांत नवऱ्याची लाज कशाला काढा, म्हणून मीही चहा ओतत हसायचे. चोर तो चोर, वर शिरजोर! मग एकदा लेक म्हणाली, "आई, यू वर हायडिंग? बाबा इज सो ब्रेव्ह!" माझं डोकंच सणकलं. माझ्या लेकीने मला भित्री समजावं? थांब, बघतेच तुझ्याकडे, असं मी मनात त्याला बजावलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू मुद्दाम आमच्याकडे ठेवलं. नवरेमंडळी किचनच्या दारात तिळगूळ खात उभी होती. बायकांनी आग्रह धरला, "उखाणा, उखाणा!" मी पदर सावरला.

"मसाई मारात सिंहीण, जीपची सावली,
अमुकरावांना सीटखाली माझी शाल पावली!"

एकच हशा पिकला. "काहीही हं," नवरा म्हणाला. मी फोन सगळ्यांत फिरवला. त्याच सकाळचा, मी जपून ठेवलेला दुसरा फोटो: सीट, शाल आणि शालीबाहेर राहिलेलं त्याचं टक्कल. त्याचा चेहरा पडला. मला जराही वाईट वाटलं नाही. लेकीने फोटो मोठा करून पाहिला, मग भिंतीवरच्या सिंहिणीकडे, मग माझ्याकडे.

पुढच्या वेळी पाहुणे आले तेव्हा नवऱ्याने सवयीने सुरुवात केली, "तर जीप थांबली..."

"बाबा, लेट आई टेल इट," लेक म्हणाली.

तो चहा ठेवायला उठला. मी गोष्ट सावकाश सांगितली. शालीपाशी जरा जास्तच थांबले.