एका पानासाठी जपानी

युनिव्हर्सिटीत पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, जपानी कशासाठी शिकायचंय? विशीतल्या पोरांनी कॉमिक्स, गाणी, टोकियोतली नोकरी अशी उत्तरं दिली. बेचाळीस वर्षांची, बेकरीत पाव भाजणारी जांदिरा म्हणाली, "एक पान वाचायचंय. आणि वाचून काही जणांची जिरवायचीय." मी तिच्या शेजारीच बसले होते. माझं आडनाव मोरिशिता, पण आजोबांच्या भाषेत मला खाण्याच्या पदार्थांपलीकडे काही येत नव्हतं.

ते पान आमच्याच मंडळाचं. ब्राझीलमधल्या लोंद्रिनाजवळच्या आमच्या गावच्या जपानी मंडळात जांदिराची आई, दोना बेनेदिता, स्वयंपाक करायची. जपानहून भेट आलेले चांदीचे पेले एके दिवशी कपाटातून नाहीसे झाले. कार्यकारिणी बसली, आणि तासाभरात बेनेदिताला चोर ठरवून हाकलून दिलं.

"अकरा जण बसले होते," ती अजून सांगते. "बारावा माझ्यादेखत सगळं वहीत लिहीत होता. मला त्यातलं काय कळणार?"

आमच्या लोकांची ही खोडच आहे. बैठकीत बोललेलं इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवायचं, आणि बाहेरच्यांना ही अक्षरं कुठे येतात म्हणून निर्धास्त राहायचं. आपल्या नातवंडांनाही ती येणार नाहीत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जांदिरा तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे शाळा सुटेपर्यंत तिला सगळे चोरटीची पोर म्हणायचे.

वर्ग सुरू झाल्यापासून पावाच्या कागदी पिशव्यांवर जांदिरा अक्षरं गिरवायची. दुसऱ्या वर्षी चित्रलिपीने अर्धा वर्ग पळवून लावला, त्यात मीही गळाले. ती ऐकण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, रडली, बाईंवर चिडली आणि पुन्हा बसली. पदवी मिळाली तरी थांबेना. छापील वाचणं वेगळं, जुन्या माणसांचं धावतं हस्ताक्षर वेगळं. बाईंकडून जुनी पत्रं मागून आणून तिने तेही वर्षभर घोटलं.

मी म्हटलं, "अगं, सोड की आता!"

"तुझ्या आईला कुणी चोर म्हटलं नाही, म्हणून तुला सुचतंय हे."

मंडळाची साठी आली. अध्यक्ष आहे नेल्सन तोकुनागा. तेव्हाच्या अध्यक्षाचा मुलगा. समारंभात जुनी वही वाचायची होती आणि याला एक अक्षर येत नव्हतं. त्याने जांदिराला बोलावलं. "पाव भाजता भाजता पंडित झालीस की! पहिलं पान वाच, जरा ऐटीत."

बेनेदिता अडतीस वर्षांनी त्या सभागृहात आली आणि थेट पहिल्या रांगेत बसली.

जांदिराने पहिलं पान वाचलं. टाळ्या झाल्या. मग ती शांतपणे पानं उलटत गेली. हवं ते सापडल्यावर तिने आधी जपानीत वाचलं आणि मग आमच्या रोजच्या भाषेत सांगितलं: "पेले अध्यक्ष तोकुनागा यांच्या घरी सापडले. त्यांनी चूक कबूल केली. वसाहतीची अब्रू राखण्यासाठी स्वयंपाकिणीला काढावे, असे एकमताने ठरले."

"खोटं! मनचं वाचतेय ही!" नेल्सन ओरडला.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या हात्सुएआजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तेव्हा चहा मीच देत होते. बरोबर वाचतेय ती. गप बस."

माझे आजोबाही त्या अकरांत होते. मी मान वर केली नाही.

आमच्याकडे रीत आहे: समारंभात जो वही वाचेल त्यानेच त्या दिवसाचं इतिवृत्त लिहायचं आणि खाली अध्यक्षाने सही करायची. जांदिरा बसली, तिने अर्धं पान भरून जपानीत लिहिलं आणि वही नेल्सनपुढे सरकवली.

"काय लिहिलंयस?"

"सही करा, साहेब. आईलाही तेव्हा वाचून कुणी दाखवलं नव्हतं."

सगळं सभागृह बघत होतं. त्याने सही केली. जांदिराने आईच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि बेनेदिता इतकी मोठ्याने हसली की तिला ठसका लागला.

नेल्सनच्या फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला ते हस्ताक्षर उमगत नाही. हात्सुएआजींना विचारलं तर नुसत्या दात काढून हसतात. शेवटी या मार्चमध्ये त्याने युनिव्हर्सिटीत जपानीला नाव घातलं. पहिल्या वर्षाला तिथे आता जांदिरा शिकवते. पहिल्याच दिवशी तिने त्याला उभं करून विचारलं, "जपानी कशासाठी शिकायचंय?"