कोळशाच्या मोटारीचा दसरा

आधी चाचांचं सांगतो, मग मोटारीचं. चाचा म्हणजे सांगलीच्या मोटार अड्ड्यावरचे म्हातारे मिस्त्री, आणि आमच्या मोटारीचे ड्रायव्हरही. आमचं नातं ना गोतं, धर्मही वेगळा. पण चौथीत शाळा सुटलेल्या माझ्यासारख्याला त्यांनी पाना धरायला शिकवलं, गिअर टाकायला शिकवलं, आणि एका दसऱ्याला असं काही केलं की त्याच्या जोरावर मी आज ड्रायव्हर म्हणवून घेतो. पंजाबातल्या एका छावणीत, फौजी ट्रकच्या पायरीवर बसून हे लिहितोय. इथं डोंगरातली अवघड वाट आली की साहेब माझा ट्रक पुढं काढायला सांगतात. छाती फुगते, खोटं कशाला बोलू? पण त्याच वेळी चाचांचा चेहरा डोळ्यांपुढं येतो.

तेव्हा लढाई चालू होती आणि पेट्रोल मिळेनासं झालं होतं. मालकांनी आमच्या मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. माणसाएवढं उंच लोखंडी पिंप, खाली विस्तव आणि वर कोळसा. सकाळी हातपंखा फिरवून विस्तव फुलवायचा, मग त्याचा गॅस नळीनं इंजिनात जायचा आणि मोटार चालायची. सपाटीला ती बरी धावे. चढ आला की धापा टाकी. पाटणच्या पुढं डोंगरात दोन वळणांचा एक चढ होता. तिथं सगळी माणसं खाली उतरत, बोलत-बोलत चालत वर जात, आणि रिकामी मोटार त्यांच्या मागून कण्हत येई. आम्ही त्याला पायउताराचा चढ म्हणत असू. मी सहा वर्षं क्लीनर होतो. चाकामागं लाकडी ठोकळा सरकवत तो चढ किती वेळा चाललो असेन, देव जाणे.

पुढं चाचांचे गुडघे धरले. क्लच दाबताना त्यांचा चेहरा कळवळायचा. एक दिवस ते मला घेऊन मालकांपुढं उभे राहिले.

"माज्या जागी ह्याला बसवा."

"ह्याला?" मालक हसले. "चौथी तरी झालीया का धड?"

"मालक, मोटारीला कुठं बुकं वाचून दावायची हायत?"

मालकांनी मिशीवर हात फिरवला. माणूस वाईट नव्हता, पण शब्दाला पक्का आणि हिशेबी. म्हणाले, "दसऱ्याची पाटणाकडची फेरी ह्यानं न्यायची. मी सोबत येतो. एकबी मानूस खाली न उतरवता पायउताराचा चढ चढला, तर जागा ह्याची. लोक तिकीट बसायचं काढत्यात, चालायचं न्हाई. न जमलं तर मिरजेचा एक ड्रायव्हर मला कवाचा इचारतोय. आनि एक ध्यानात ठेव. कोळसा, पानी, तेल, सगळ्याचा जाब शिटावर बसनाऱ्यानं द्यायचा. तितं मला कारणं सांगायची न्हाईत."

साताऱ्याच्या पोलीस कचेरीतून मिळालेला परवाना माझ्या खिशात होता. जागा नव्हती. ती आता त्या दोन वळणांवर टांगलेली होती.

माझा स्वभाव मुळात भित्रा. खंडेनवमीच्या दिवशी मी मोटारीखाली शिरून एकेक नट आवळून बघत होतो. तिसऱ्यांदा शिरलो तेव्हा चाचा म्हणाले, "आरं गड्या, नट हायत जागेवर. सारकं सारकं हात लावून त्यास्नी लाजवू नगंस!"

आई त्याच दिवशी आली होती. तिचं माहेर त्या चढाच्या वर, पहिलंच गाव. वडील वारल्यावर तिनं मला पाटणच्या अलीकडं राहणाऱ्या मामाकडं शिकायला ठेवलं होतं आणि शाळा सुटली तीही तिथंच. कैक वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. लेकाच्या मोटारीत बसून दसऱ्याला माहेरी जायचं, एवढंच तिला ठाऊक. मालकांची अट मी तिला सांगितली नव्हती. तिनं उगाच उपास धरला असता.

अड्ड्यावर सगळ्या हत्यारांची पूजा झाली. पाने, जॅक, हातपंखा, भट्टी, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. मी मोटारीखालून आईचे पाय इकडून तिकडं जाताना बघत होतो. पूजा करतेय, करू दे, असं मनाशी म्हटलं.

दसऱ्याला उजाडता-उजाडता निघालो. माणसांनी मोटार भरली होती. मालक पुढच्या बाकावर, त्यांच्याशेजारी चाचा, मागच्या बाकावर आई. इस्लामपूरला एक मावशी टोपलीभर आपट्याची पानं घेऊन चढली आणि सगळ्यांच्या मांडीवर तिनं टोपली ठेवून बघितली. कऱ्हाड मागं पडलं, कोयना डाव्या-उजव्या हाताला दिसू लागली. पाऊस सरून डोंगर अजून हिरवेच होते, त्यांवर पिवळ्या सोनकीची फुलं पसरली होती. खाचरांत भात पिकून वाकलेलं. या वाटेनं मी शेकडो वेळा गेलो होतो, पण मागच्या दाराला लोंबकळत. पुढच्या काचेतून तीच वाट निराळी दिसते. झाडं आपल्याकडं चालत येतात.

पाटणच्या अलीकडं माझी शाळा लागली. कौलारू, एका खोलीची. सणाची सुट्टी होती, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं आणि ओट्यावर एक शेळी बसली होती. तरीही मी भोंगा वाजवला, एकदा, दोनदा.

मालक म्हणाले, "कुनाला वाजवतुयास?"

"शाळंला," मी म्हणालो.

"ऐकला का न्हाई तिनं?"

"शेळीनं ऐकला," चाचा म्हणाले, आणि सगळी मोटार हसली. मला वाईट वाटलं नाही. मास्तर म्हणायचे, शाळा सोडणारा रस्त्यावर येतो. आलो होतो खरा रस्त्यावर, पण तीस माणसं घेऊन.

पाटणला थांबून आम्ही टपावरची पोती काढली, भट्टी गच्च भरली आणि निघालो. दोन मैल झाले असतील नसतील, मोटारीचा आवाज बदलला. आधी तिनं दोन उचक्या दिल्या, मग नुसतीच कुरकुर. गॅसात मिसळणारी हवा कमीजास्त करायची पट्टी मी मागंपुढं केली, काही नाही. सपाटीवर ती बैलगाडीच्या चालीनं चालू लागली. समोर पायउताराचा चढ दिसत होता. अशी मोटार तो चढ चढणं शक्य नव्हतं. मी ती रस्त्याच्या कडेला, एका काळ्या कातळाजवळ उभी केली.

खाली उतरून भट्टीचं झाकण उघडलं तर आतून वाफ आली, चुलीवर भाताचं भगुलं उघडावं तशी. चाचा लंगडत मागून आले. मी शिल्लक पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. कोळसा भिजलेला होता. कोळशाची ही खोड असते. तो पाणी पितो आणि तोंडावर दाखवत नाही, भिजला तरी काळा तो काळाच. पोत्याचं वरचं गोणपाट उन्हानं वाळलं होतं, आणि पाटणपर्यंत मोटार भट्टीत आधीच भरलेल्या कोळशावर आली होती, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. हात बाहेर काढला तर बोटांना कुंकू लागलेलं आणि तळव्यावर एक तुळशीचं पान.

मी आईकडं बघितलं. ती खिडकीतून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही कळलंय. तिनं पुढं चाचांना सांगितलं ते असं: देवापुढच्या दिव्यात ओतल्यावर तेल पवित्र होतं, हत्यारावर पाणी शिंपडल्यावर हत्यार पवित्र होतं, मग मोटारीच्या पोटात जायचं अन्न कोरडं कसं ठेवायचं? म्हणून तिनं कृष्णामाईच्या घाटावरून भरलेली घागर आणली होती आणि पोत्यांना अंघोळ घातली होती. लेकाची मोटार सुखरूप जाऊ दे म्हणून.

मालक आले. त्यांनी एक कोळसा उचलला, चोळला, बोटं हुंगली.

"कोळसा भिजवलाय कुनी तरी. कुनी?"

आईचं नाव घेतलं तर तो माझ्याच घरचा हात, आणि कोळशाचा जाब शिटावर बसणाऱ्याचा. जागा तिथंच गेली असती. आई खिडकीतून म्हणाली, "आवं मालक, त्ये..."

"आक्का, तुमी गप बसा," चाचा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातलं तुळशीचं पान घेतलं आणि मुठीत मिटलं. "म्या भिजवला, मालक."

"तुमी?"

"काल पूजा झाली न्हवं? तवा म्या पानी घातलं. कृष्णामाईचं."

मालकांनी हातातला कोळसा खाली टाकला. "तुमी पूजा केलीसा? मिस्त्री, तुमी?"

"भट्टी मोटारीची हाय. मोटारीनं कुटं इचारलंय, कोन पूजतंय म्हनून? तीस वर्सं खंडेनवमीला माजाच पाना पुजला जातोय. ह्या वर्सी म्हटलं, आपनबी करावी. अक्कल गेली मातारपनी." आणि लगेच म्हणाले, "काल संध्याकाळपातुर गाडी माज्या ताब्यात हुती. ह्याच्या न्हाई. शिवी द्यायची तर मला द्या."

मालकांनी शिवी दिली. जरा लांबलचकच दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आता काय करनार?"

तो प्रश्न मला होता, चाचांना नाही. भीती वाटली की माझं डोकं उलट नीट चालतं, हे मला तेव्हाच कळलं. वर ऊन रणरणत होतं, दसऱ्याच्या दिवसांतलं, चामडं सोलणारं. बाजूला कातळ तव्यासारखा तापला होता. मी म्हणालो, "वाळवायचा."

पोती कातळावर उपडी केली. भट्टीतला ओला कोळसा काढून टाकला. मी एकटाच हातानं पसरू लागलो, तोच इस्लामपूरची मावशी खाली उतरली आणि पदर खोचून बसली. "असा ढीग ठेवून वाळंल व्हय? तुज्या आयनं कदी कुरडया घातल्या न्हाईत का?" मग बायका उतरल्या. एका म्हाताऱ्यानं आपलं घोंगडं दिलं. हात काळे, नाकं काळी. आई सगळ्यांत पुढं, कुणाकडं न बघता, एकेक कोळसा उलटत होती.

"काय रं ड्रायव्हर," म्हातारा ओरडला, "चढाला उतरायचं न्हाई म्हनून हितं उतरवलंस व्हय आमास्नी?"

मालकसुद्धा हसले. "सपाटीवरचं धरत न्हाई मी," म्हणाले.

दीडेक तासानं कोळसा हातात वाजू लागला. वाळलेला कोळसा वाजतो, काचेसारखा किणकिणतो. भट्टी भरली, विस्तव घातला, मीच हातपंखा फिरवला. नळीच्या तोंडाशी काडी धरली तर निळी ज्योत सरळ उभी राहिली, म्हणजे गॅस चांगला धरला. चाचांनी माझ्या पाठीवर थाप दिली आणि मागं, आईच्या बाकावर जाऊन बसले. पुढं माझ्याशेजारी बसायला हवे होते ते. मुद्दाम बसले नाहीत.

चढ सुरू झाला. मी पहिला गिअर टाकला, हवेची पट्टी केसाएवढी सरकवली, इंजिनाचा आवाज कानानं धरून ठेवला. तो जरा खाली गेला की पट्टी केसभर मागं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला मोटार हळू झाली आणि मागं एकदम खडखड झाली. माणसं उठली होती. वर्षानुवर्षांची सवय. वळण आलं की गाठोडी उचलून उतरायचं. एकाचा पाय पायरीवर होता.

"बसा!" मी ओरडलो. माझा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "कुनीबी खाली पाय ठेवायचा न्हाई!"

सगळी बसली. म्हातारा घोंगडं पोटाशी धरून बसला. मोटार थरथरत, चालणाऱ्या माणसाच्या पावलानं, पण न थांबता चढत राहिली. मग समोरचा रस्ता संपला आणि नुसतं आभाळ दिसलं. माथ्यावर आलो होतो. खाली कोयनेचं खोरं, पिवळं-हिरवं, उन्हात पसरलेलं. मालकांनी खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं, आणि परत ठेवलं. मागून मावशी म्हणाली, "आगं बया, चढला की!" आईच्या गावचे लोक वेशीवर उभे होते. दार उघडून मी तिला हात दिला. तिचे दोन्ही हात कोळशानं काळे होते, माझेही.

दुसऱ्या दिवशी सांगलीला परतलो. अड्ड्यावर मालक दरवर्षी दसऱ्याच्या फेरीनंतर सगळ्यांत जाणत्या माणसाला स्वतःच्या हातानं फेटा बांधत. बारा-पंधरा वर्षं तो मान चाचांचा होता, आणि हा त्यांचा नोकरीतला शेवटचा दसरा. फेटा आणला गेला. मालकांनी तो माझ्या डोक्याला बांधला, "जागा तुजी," म्हणाले, आणि चाचांकडं वळले. "मिस्त्री, औंदा तुमास्नी न्हाई. कोळसा भिजवनाऱ्याला फेटा न्हाई."

अड्डा खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्यानं चाचा हसले. मी फेट्याखाली घामानं भिजलो होतो. खरं बोलायला तोंड उघडलं, तर चाचांनी डोळ्यानं दाबलं. मी गप्प बसलो. जागा माझी झाली, तिच्याच बळावर पुढं फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झालो, इथवर आलो. पण ते हसू अजून कानात आहे.

आईनं परवा शेजारच्या मुलाकडून पत्र लिहून घेतलं. चाचा बरे आहेत, सावलीत बसून लोकांची इंजिनं कानानं तपासतात. अड्ड्यावरचे अजून त्यांना 'कृष्णामाई' म्हणून चिडवतात. आई लिहिते, मी सांगू का खरं? मी तिला कळवलंय, थांब. तो माझा बोजा आहे.

चाचा, तुम्हांला वाचता येत नाही, कुणाकडून तरी वाचून घ्या. रजा मिळेल तेव्हा मिळेल, पण मिळेल त्या दसऱ्याला मी अड्ड्यावर येईन. मालकांपुढं आणि तुम्हांला हसलेल्या एकेकापुढं सांगेन की कोळसा कुणी भिजवला आणि तुम्ही तो आपल्या अंगावर का घेतला. मग फेटा मी बांधीन, माझ्या हातानं, तुमच्या डोक्याला. हा माझा शब्द.