पाट रिकामा आणत नाहीत

मुलांनो, यंदा आळीच्या गणपतीची मिरवणूक निघूच नये असं मला वाटत होतं. देवाच्या बाबतीत असं मनात आणू नये, पण आलं खरं. का, ते नीट क्रमाने सांगते.

विसर्जनानंतर मूर्तीचा पाट रिकामा घरी आणत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तलावाच्या तळाची मूठभर वाळू त्यावर ठेवून आणतात. आमच्या आळीत पूजेच्या मूर्तीचा पाट आणायचा मान माझ्या मैत्रिणीच्या घराकडे आहे. गेल्या वर्षी बाप्ये मूर्ती बुडवून वर आले, बेंजोवाल्यांचा टेम्पो रस्त्याकडे वळला आणि टेम्पोवरचे दिवेही त्याच्याबरोबर गेले. मैत्रीण वाळूसाठी वाकली होती. पायरी शेवाळलेली होती. ती खाडीकाठी वाढलेली, उत्तम पोहणारी बाई, पण डोकं पायरीच्या कडेवर आपटल्यावर पोहणं काय कामाचं? बेंजोच्या आवाजात कोणाला काही ऐकू आलं नाही. मीसुद्धा मिरवणुकीबरोबर वळले होते.

तिच्या आठवणीसाठी काहीतरी करायचं म्हणून यंदा तिच्या सुनेने आणि मी मांडवाशेजारी पातोळ्यांचा स्टॉल लावला. टेबलावर तिचा फोटो आणि देणगीचा डबा ठेवला. त्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवावा, एवढीच आमची इच्छा होती. पण मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे मैत्रिणीचा पुतण्या, त्याने माइकवरून जाहीर केलं की रस्त्यावर तिच्या नावाची संगमरवरी कमान उभी राहणार आणि देणगीदारांची नावं त्या कमानीवर कोरणार.

मी त्याला बाजूला घेतलं.

"अरे, कठड्याचं ठरलं होतं ना आपलं?"

"काकी, कठडा कोन बघतंय? कमानीखालून रोज गाव जाईल. आणि नाव न्हाय टाकलं तर पैसा सुटत न्हाय लोकांच्या हातून."

त्याचं खोटं नव्हतं. कमानीचं ऐकल्यापासून पावत्या भराभर फाटत होत्या. सून मात्र खाली बघून पातोळ्या मांडत राहिली. यंदा पाट आणायचा मान तिच्याकडे आला होता.

"तू नको उतरूस," मी म्हणाले. "एखाद्या मुलाला सांगू."

"मावशी, आमच्या घरचा मान आहे. आईंनी कधी दुसऱ्याला दिला नाही."

तेव्हापासून मला ती पायरी दिसू लागली. पातोळीवर हळदीचं पान दुमडताना दिसे, आरतीला उभी असताना दिसे. सून हसली की मी तिच्या पायांकडे बघत असे. विसर्जनाचा दिवस जवळ येत होता आणि मी कोणाला काही बोलत नव्हते, कारण बोललं की खरं होईल अशी एक अडाणी भीती मला वाटत होती. एवढी शाळा शिकून.

मांडवामागे ज्यांचे कापडाचे लूम चालतात ते शेजारी दरवर्षी पातोळ्या न्यायला येतात. विसर्जनाच्या दुपारी ते आले. फोटोकडे पाहून थांबले. मी त्यांना कठड्याची आणि कमानीची सगळी हकीकत ऐकवली.

"कठडा बनेगा तब बनेगा, चाची," ते म्हणाले. "आज शाम का क्या?"

ते गेले आणि थोड्या वेळाने ट्रकवर ताडपत्री बांधायचा जाड दोर घेऊन आले. वरच्या पिंपळाला एक टोक बांधून दोर पायऱ्यांवरून खाली सोडायचा, आम्ही बायकांनी मध्ये धरायचा आणि सुनेने टोक हातात ठेवून वाकायचं, असं ठरलं. अध्यक्षाला मी बजावलं की पाट वर येईपर्यंत टेम्पो हलवायचा नाही.

"न्हाय हलत, काकी. मी हाय ना."

संध्याकाळी आम्ही दोर धरून उभ्या राहिलो. एक पोरगा ओरडला, "आजी, रस्सीखेच हाय काय? आमी इकडून वढू?" बायका हसल्या. मला हसू येईना. मूर्ती पाण्यात गेली, बाप्ये ओले होऊन वर आले आणि बेंजो वाजायला लागला. मग टेम्पो हलला. ड्रायव्हरला कोणी सांगितलंच नव्हतं की काय, दिवे वळले आणि पाणी काळं झालं.

दोर एकदम ताणला गेला. सगळा भार माझ्या हातात आला. मी मागे रेलले, पाय रोवले. आणि मग दोर सैल झाला.

मुलांनो, भार आला तेव्हा मी घाबरले होते, पण भार गेला तेव्हा जे झालं ते मला लिहिता येत नाही. मी तिला हाका मारल्या. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. कोणीतरी मला ढकलून खाली धावलं.

तो अध्यक्ष होता. मोबाइलचा दिवा पाण्यावर धरून तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. उजेडात सून दिसली. छातीएवढ्या पाण्यात उभी, दोन्ही हातांनी पाट धरलेला.

"पाट निसटला होता, मावशी," ती वर येत म्हणाली. "म्हणून दोर सोडला."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि तिथेच पायरीवर बसले. तिने पुन्हा दोर धरला, वाकली आणि वाळू घेतली. अध्यक्ष तिच्या शेजारी उभा होता, दात वाजत होते त्याचे. पाणी काही इतकं गार नव्हतं.

"वहिनी, कठडा कुठवर न्यायचा?" त्याने विचारलं.

"वाकल्यावर हात पोचेल तिथवर."

रस्त्यावर जाऊन त्याने बेंजो बंद करायला लावला आणि माइक घेतला. कमान होणार नाही, कठडा होईल, नावं कोरणार नाही. कोणाला पैसे परत हवे असतील तर उद्या मांडवात यावं.

दुसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू सोडत होते आणि मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. कोणी रस्त्यावरून वळलं की मी डब्यावर हात ठेवत असे. दोघे आले. एकाने पैसे परत नेले. दुसरे कामतघरचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पावती काढली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "पोरांसाठी खाली आडवा गज लावाल ना? त्यांचा हात वर पोचत न्हाय."

लावू, म्हणाले मी. पाणी उतरलं की काम सुरू होईल.