खड्याच्या टिकल्या

माझी दृष्टी जवळजवळ गेली, तेव्हा झालाना भागातल्या अंधांसाठीच्या एका केंद्राच्या शिक्षिका विद्याधर नगरला आमच्या घरी येऊ लागल्या. दिसत नसताना स्वयंपाकघर कसं सांभाळायचं, हे त्या शिकवत. त्यांनी गॅसच्या बटणांवर आणि मिक्सरवर रबराचे फुगीर ठिपके चिकटवले. बोट फिरवलं की गॅस बारीक आहे की मोठा, ते समजायचं. ठिपके संपले, तेव्हा मी माझं खड्याच्या टिकल्यांचं पाकीट पुढे केलं. "अरे वा, आंटीजी!" म्हणत त्यांनी मिठाच्या डब्याला एक टिकली लावली, साखरेच्या डब्याला दोन.

संध्याकाळी बँकेतून आलेल्या माझ्या नवऱ्याने त्या खरवडून काढल्या. म्हणाला, "आरशाला चिकटवतेस तेवढं पुरे नाही का?"

सकाळी त्याच्या चहात मीठ पडलं. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण वाईटही वाटलं नाही. एक घोट घेऊन तो उठला आणि टिकल्या परत लावू लागला.

परवा मुलगी म्हणाली, "आई, कपाळावरची टिकली, मतलब, जरा वाकडी लागलीय."

लागू दे. ती काही मला बोटाने वाचायची नाहीये.