चारशे बारा दिवस चालू

सकाळचा चहा घ्यायच्या आधी भास्करभाऊ संगणकापुढे बसत, एक शब्द टाइप करत आणि विचारत, "काय बाप्पा, किती दिवस झाले?" पडद्यावर आकडा येई. त्यांची वेबसाइट न थांबता किती दिवस चालू आहे, त्याचा तो आकडा. तो स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहून झाला की मगच कप हातात घ्यायचे. वहिनी रोज म्हणायच्या, "चहा थंडा होऊन राह्यला." तेही रोज म्हणायचे, "सरे." तेलुगूतलं हे 'ठीक आहे' आमच्याकडे सगळ्यांच्याच तोंडात बसलंय.

भास्कर गुरनुले मूळचे जैनथचे. आदिलाबादच्या एका खाजगी कॉलेजात संगणक शिकवायचे. मी वीज खात्यात. त्यांची एकुलती एक मुलगी रेणू, तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. रक्त एकाएकी कमी व्हायचं, आणि गट ओ निगेटिव्ह, म्हणजे हिंडा शोधत. एकदा पार तलमडुगुपर्यंत विचारत गेले तेव्हा कुठे देणारा मिळाला. त्या दिवशी भाऊंनी ठरवलं की रक्तदात्यांची यादीच वेबसाइटवर टाकायची, मराठीत आणि तेलुगूत. तिच्यात ओ निगेटिव्हवाले तिघेच निघाले. त्यातला एक मी.

पहिला संगणक मीच लावून दिला. विंडोज टाकलं, साइट त्याच्यावरूनच चालवली. अपडेट कधी व्हावं ती वेळ ठरवून द्यायची असते, ते मी विसरलो. एका दुपारी संगणक अपडेटसाठी आपोआप बंद-चालू झाला आणि साइट काही उठली नाही. नेमका तेव्हाच वांकिडीचा एक माणूस बायकोसाठी यादी उघडून बघत होता. बाई वाचली, पण भाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत. "रक्त पाह्यजे त्याले थोड्या वेळानं ये, असं आपुन काऊन म्हनाव?" एवढंच बोलले.

मग कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची यावर आमचं तीन आठवडे वाजलं. मी म्हणायचो, "अहो, विंडोजवाला गल्लीत सापडतो. तुमचं ते लिनक्स बिघडलं तर माणूस काय हैदराबादहून आणणार?" ते म्हणायचे, "मी शिकून राह्यलो ना." तीन प्रकारची लिनक्स त्यांनी जुन्या संगणकावर आठवडा-आठवडा चालवून पाहिली. परीक्षा एकच. रेणू मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करायची, पुन्हा चालू करायची, आणि साइट आपली आपण उठते का ते बापलेक बघत बसायचे. उठली की ती टाळ्या वाजवायची. शेवटी त्यातलं डेबियन ठरलं. "जुनं वाटते, पन गुमान काम करते," भाऊ म्हणाले. लांबचा एक सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर डेबियन, आणि घरच्या संगणकावरही तेच. "घरी चुलीवर जे शिजलं तेच डब्यात पाह्यजे. घरी एक अन् तिकडं दुसरं, मंग चूक सापडतच नाही."

मला राग आला. आपलं एक ऐकलं नाही, एवढंच त्या रागाचं कारण. आज लिहितानाही लाज वाटते. मी जाणं-येणं सोडलं, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो. त्याच वर्षी घर बदललं, सिमकार्ड बदललं. नवा नंबर दूधवाल्याला दिला, गॅसवाल्याला दिला, केस कापणाऱ्यालासुद्धा दिला. यादीत नंबर बदलायची सोय भाऊंनी केलेली होती. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही. करू कधीतरी, म्हटलं.

त्या रविवारी काय झालं ते मला तिसऱ्या दिवशी भाजीबाजारात कळलं. रेणूचं रक्त एकदम उतरलं. रक्तपेढीत ओ निगेटिव्ह नव्हतं. भाऊंनी यादी उघडली. ती लगेच उघडली. पहिला हैदराबादला मुलाकडे गेलेला, दुसऱ्याला कावीळ, आणि तिसरा नंबर अस्तित्वात नव्हता. माझ्या जुन्या घरी ते पळत गेले, तिथे दुसरेच भाडेकरू. ऑफिस रविवारचं बंद. मी त्या वेळी नव्या घरात, दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर, जेवून पेपर वाचत पडलो होतो. शेवटी पोरीला गाडीत घालून ते यवतमाळकडे निघाले. पैनगंगेचा पूल ओलांडला, आणि थोडं पुढे जाऊन गाडी परत फिरवली.

तेरवी झाल्यावर मी गेलो. आधी जायची हिंमत नव्हती. वाटलं होतं, शिव्या देतील, दार लावून घेतील. मला ते हवंही होतं. भाऊ संगणकापुढे बसले होते, दाढी वाढलेली. मी काही बोलायच्या आत त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"तुमचा नवा नंबर सांगा."

मी एकेक आकडा सांगत गेलो, ते एका बोटाने टाइप करत गेले. कॉलेजात पोरांना दहा बोटांनी टाइप करायला शिकवणारा माणूस.

"वाचून पाहा, बराबर हाय का."

मी वाचला. बरोबर होता. "भाऊ," म्हटलं, "मी..."

"तुमी तवा म्हनत होते, हे बिघडन तर पाह्यन कोन," ते पडद्याकडेच बघत म्हणाले. मग त्यांनी रोजचा तो शब्द टाइप केला. आकडा आला. "चारशे बारा दिवस. पाहा तुमी. एकदाबी बंद नाही पडलं."

आतून वहिनी म्हणाल्या, "चहा थंडा होऊन राह्यला."

ते उठले, खडू घेतला आणि दाराकडे गेले. दारावर अजून त्या रविवारचा आकडा होता, तो हाताने पुसला. नवा लिहायला हात वर केला आणि तसेच उभे राहिले. मग खडू माझ्या हातात दिला.

"तुमीच लिव्हा," म्हणाले.