अध्यक्षबाईंची शाळा

बोलता बोलता ती लाटणं उगारायची. कुणाला मारायला नव्हे, मुद्दा ठसवायला. "अध्यक्ष आहो ना मी!" असं म्हणत लाटण्यानं स्वतःकडेच खूण करायची आणि तेवढ्यात तव्यावरची पोळी करपायची. "अहो अध्यक्षबाई, पोळी!" मी ओरडायचे. "राहू द्या जी आजी, तेवढी मी खाते," हे तिचं ठरलेलं उत्तर.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत ती घरोघरी पोळ्या करायची. मूळची यवतमाळकडची. नवरा बांधकामावर, आज वाघोलीत तर उद्या आणखी कुठे, महिनोन्महिने घरी फिरकायचा नाही. माझ्या गॅलरीसमोरच्या सरकारी मराठी शाळेत तिची मुलगी दुसरीत होती आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची ही अध्यक्ष. कशी झाली, ते ऐका. पालकसभेत अध्यक्ष कोण होणार म्हटल्यावर सगळे माना खाली घालून बसले. हिला लागली होती तहान. पाणी मागायला हात वर केला, आणि टाळ्या पडल्या!

पण झाली ती मनापासून झाली. पोळ्या आटोपल्या की शाळेत जाऊन मुलांच्या खिचडीची चव घ्यायची, नळ तपासायची, एखादं पोरगं दिसलं नाही तर थेट त्याच्या घरी. "काऊन नाही आला रे शाळेले?" तिच्या या हाकेनं आमच्या गल्लीतली दुपारची झोप कित्येकदा मोडली आहे. मी चिडायचेही. तुम्हीही चिडला असता.

मग बातमी आली की पट कमी, म्हणून शाळा बंद. मुलांनी मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जायचं. त्या दिवशी लाटणं हलेना. "मी पहाटेच पोळ्यांले निघते जी. पोरगी एकटी गल्लीतून शाळेत येते. पण त्या रस्त्यावर कुत्रं वाचत नाही, माही पोरगी कशी वाचीन?"

"मी नेत जाईन तिला," मी म्हणाले.

तिनं माझ्या गुडघ्यांकडे आणि कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिलं. "आणि तुमाले कोण नेईन, आजी?" दोघीही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

तिनं विरोध उभा केला. फाटकाला फलक लावला, दारोदार फिरली. आमची माणसं आलीही. पुणेकर निषेधाला कधी कमी पडत नाहीत, फक्त तो नाश्ता झाल्यावर असावा. घोषणा झाल्या, फोटो निघाले, सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. ती तर हरखून गेली. "एवढी माणसं आहेत आपल्या संगं, आता कोण बंद करते?"

तपासणीला साहेब येणार होते. हिनं काय करावं? ज्या ज्या घरी पोळ्या लाटायची, तिथली पोरं गोळा केली. इंग्रजी शाळांना सुट्टी होतीच. माझा नातूही गेला, वॉटरबॅग घेऊन. वर्ग कसा गच्च भरला! आम्ही सगळे दाराशी उभे. साहेबांनी नेमकं माझ्या नातवाला उठवलं आणि फळ्यावरचं वाचायला सांगितलं.

"अंकल, आमच्या स्कूलमध्ये हे नेक्स्ट इयरला आहे."

पोरं खिदळली. साहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. ते तिला म्हणाले, "बाई, यातली किती मुलं जूनमध्ये इथं नाव घालतील? पालक उभेच आहेत. विचारा."

ती आमच्याकडे वळली. लाटणं नव्हतं, तरी हात तसाच वर. "सांगा ना जी."

कुणी मोबाईल काढला. कुणाला कुकर आठवला. एक बाई तर फळ्याखालच्या चित्राचं कौतुक करायला लागल्या. मला राहवेना. मी म्हणाले, "माझा नातू येईल."

मागून माझा मुलगा हळूच म्हणाला, "आई, प्लीज. असं कसं होईल?"

हळूच म्हणाला, पण तिला ऐकू गेलं. ती कुणावर रागावली नाही हो! रागावली असती तर बरं झालं असतं. हात खाली घेतला आणि "बरं" म्हणाली. एवढंच.

शाळेला कुलूप लागलं. मुलीला तिच्या आजीकडे गावी ठेवायचं ठरलं आणि चार दिवसांनी हीही निघाली. "लेकरू तिथं, मी इथं, कायले जी?" शेवटच्या दिवशी डबा भरून पोळ्या केल्या. एकही करपली नाही, कारण सकाळभर ती बोललीच नाही. मी म्हणाले, "अध्यक्षबाई, चहा घेऊन जा." पदरानं हात पुसत ती म्हणाली, "आता कायची अध्यक्ष, आजी?" चहा न घेताच गेली.

तिकडे ती मजुरीला जाते. कधीमधी फोन करते. गुडघे विचारते, नातू विचारते, आणि मग आवाज खाली आणून, "शाळा आहे ना जी? मले वाटते पोट्टे वाढले की उघडतीन."

काल सकाळी फोन आला तेव्हा मी गॅलरीतच होते. समोर जेसीबी लागला होता. दुसरीच्या वर्गाची भिंत पडली होती आणि आतला फळा उन्हात उघडा दिसत होता.

"शाळा आहे ना जी, आजी?"

मी काठी टेकत घाईघाईनं आत आले. आवाज तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून गॅलरीचं दार घट्ट लावून घेतलं आणि म्हणाले, "आहे गं."