पहाटे चार ते सात, साठ अंश

अन्याय झाला तो आमच्या बिल्डिंगच्या सुपरवर, म्हणजे बिल्डिंगची सगळी देखभाल करणाऱ्या माणसावर. कधी, तेही सांगते: गेल्या नरकचतुर्दशीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, कॅनडातल्या हॅलिफॅक्समधल्या आमच्या आठ मजली बिल्डिंगच्या लॉबीत, टपालाच्या पेट्यांसमोर. बिल्डिंगच्या मालक कंपनीच्या मॅनेजरने त्याच्या हातात एक पाकीट दिलं. त्यात लिहिलं होतं की नोकरी आजपासून संपली, आणि नोकरीबरोबर मिळालेलं बेसमेंटमधलं घर महिनाअखेरीला रिकामं करायचं. नोव्हेंबरात. मी जिन्यावर तीन पायऱ्या वर उभी होते. अंगाला अजून उटण्याचा वास होता. मी एक शब्द बोलले नाही.

मी पत्रकं लिहिते. पुण्यात कॉलेजात असताना फीवाढीविरुद्ध लिहायचे, इथे भाडेकरू समितीसाठी लिहिते. पत्रकाचा एक धडा मला पाठ होता: लोकांना चेहरा लागतो. आधी बोट दाखव, मग मागणी कर. म्हणून सप्टेंबरात सकाळचं पाणी कोमट यायला लागलं तेव्हा मी चेहरा शोधला. सगळ्यात जवळचा सुपरचा होता. दिवे, कचरा, बर्फ, नळ, हीटर, सगळं तोच बघतो, मग पाणीही त्याचंच पाप. लिफ्टच्या दाराशेजारी मी कागद लावला: 'गरम पाणी हा आपला हक्क आहे. सुपर झोपलाय का? उठवा त्याला!' इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत.

मराठीतला त्याने वाचला. तो वसईचा. कॅथलिक माणूस, पंचावन्नच्या आसपासचा, अर्धं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला. संध्याकाळी माझ्या दारात उभा राहिला, हातात माझा कागद, नीट चार घड्या घातलेला.

"बाय, 'झोपलाय' काय लिहितेस? 'झोपलेत का' असं तरी लिहायचं. तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी."

मी काहीतरी उलट बोलणार होते. तो म्हणाला, "चप्पल घाल. खाली चल."

बॉयलर रूममध्ये मी पहिल्यांदाच गेले. माणसाहून उंच दोन टाक्या, जाडजूड पाइप, आणि भिंतीवर एक राखाडी डबा. डब्याचं झाकण उघडलं की तळहाताएवढा पडदा आणि चार बटणं. हा कंट्रोलर. टाकीतलं पाणी किती तापवायचं आणि कुठल्या वेळेला, हे तो ठरवतो.

"आकडा वाच."

"एकोणपन्नास."

"टाकीत किती असायला हवं?"

"मला काय माहीत?"

"मग पत्रक कशाच्या जोरावर लिहिलंस?"

मग त्याने शांतपणे समजावलं. टाकीत साठ अंश हवेत, नाहीतर आत जंतू वाढायची भीती. पण साठ अंशांचं पाणी थेट नळाला गेलं तर माणूस भाजेल. म्हणून टाकीच्या तोंडाशी एक पितळी व्हॉल्व्ह असतो, तो बेताचं गार पाणी मिसळून मग वर सोडतो. "आपण बादलीत विसण घालतो ना? हे विसण घालायचं मशीन. मार्चपासून अडकलंय. मी तीनदा लिहून दिलं." कंपनीने व्हॉल्व्ह बदलला नाही. टाकीच एकोणपन्नासवर आणून ठेवली. काम झालं. वर रात्री अकरा ते सकाळी सहा त्रेचाळीसवर, गॅस वाचतो म्हणून. सहाव्या-सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या पाण्यात राम राहत नव्हता.

"मग तुम्ही बदला ना आकडा. कोड नाही का?"

"कोड आहे. परवानगी नाही."

मी दुसरं पत्रक लिहिलं, कंपनीविरुद्ध. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पहिलं राहिलं. लोक लिफ्टमध्ये त्याला "वेक अप, सुपर!" म्हणून हसायचे. तोही हसायचा. वाक्य माझं होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं नऊ. सहाव्या मजल्यावर नागपूरच्या एक आजी राहतात, मुलाकडे आलेल्या. रोज पहाटे पाचला अंघोळ, मग देव, मग चहा. पाणी कोमट झाल्यापासून त्या स्टोव्हवर पातेलं तापवायच्या आणि पदराने धरून बाथरूमपर्यंत न्यायच्या, मुलगा-सून उठायच्या आत. काका एकदा सकाळी लवकर त्यांच्याकडे गळका नळ बघायला गेले (सुपरना मी तोवर काका म्हणायला लागले होते, 'झोपलाय'ची भरपाई म्हणा) तेव्हा त्यांनी ते पाहिलं. कढत पाण्याचं पातेलं, ओली फरशी, ऐंशीच्या पुढचे पाय. मला म्हणाले, "एक दिवस पडणार ही बाई. आणि मग मी लिहिलेल्या कागदाचं काय करू, तिला पट्टी म्हणून बांधू?"

दिवाळीच्या आधी आजींनी, नऊही घरांच्या वतीने, आम्हा दोघांना लाँड्री रूममध्ये गाठलं.

"भाऊ, वर्षातून एक दिवस पहाटे अभ्यंगस्नान असते आमचं. त्या दिवशी तं कढत पाणी द्या. मले तुमचं ते बटण समजत नाही, पण तुमाले समजते ना?"

"आजी, मी ख्रिश्चन माणूस. तुमची दिवाळी माझ्या गळ्यात कशाला?"

"मंग? ख्रिश्चन लोक काय थंड पाण्यानं न्हातात?"

काका एवढे हसले की ड्रायरमधून काढलेले टॉवेल खाली पडले. आणि हो म्हणाले.

आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला आम्ही दोघं खाली गेलो. कोड त्यांनी घातला. बटणं मी दाबत होते, त्यांचा चष्मा वर राहिला होता म्हणून. मेन्यू. वेळापत्रक. उद्याचा दिवस, फक्त उद्याचा. पहाटे चार ते सात. आकडा एकोणपन्नास.

"कंपनी दिवसा जो आकडा ठेवते तोच," काका म्हणाले. "मी जास्त काही देत नाही. फक्त वेळ पुढे ओढतो."

एंटर दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती, आत माणसं. "एंटर दाब, झाकण लाव आणि ये," म्हणून ते पळाले.

मी एकटी उरले. पडद्यावर एकोणपन्नास लुकलुकत होतं. आणि माझ्या डोक्यात आमच्या घरातलं न्हाणीघर आलं. आई नेहमी म्हणायची, पाणी कढतच काढ, विसण घातलं की एका बादलीच्या दोन होतात. नऊ घरं एकदम अंघोळीला बसणार. एकोणपन्नासचं पाणी चार घरांत संपेल. साठ केलं तर सगळ्यांना पुरेल, ज्याचं त्याने विसण घालावं. मशीन घालत नाही ना, मग माणसं घालतील. मी वरचं बटण दाबत गेले, साठ आलं, एंटर दाबलं, झाकण लावलं.

काकांना सांगायला मी विसरले नव्हते. सांगितलं नाही. ते नाही म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आधीच आजींचा फोन. "पोट्टे, पाणी पाह्य कसं! चटका बसते!"

"विसण घाला, आजी."

"तू मले शिकवते काय?"

त्या सकाळी मीही बादली भरून अंघोळ केली, घर सोडल्यापासून पहिल्यांदा तशी. पाइपमधून पाण्याचा आवाज येत होता, कुणाच्या तरी घरात ताटल्या वाजत होत्या, फराळाचा वास जिन्यात उतरला होता. मी फार खूश होते. आपण काहीतरी मिळवून दिलं म्हणून.

साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरून किंकाळी आली.

तिथे एक बाई राहते, इथलीच, हॉस्पिटलात साफसफाईचं काम करते. कामावरून परतली, शॉवरचं हँडल रोजच्या जागी फिरवलं आणि खाली उभी राहिली. तिच्या घरात बादली नाही. विसण हा प्रकार तिने जन्मात पाहिलेला नाही, आणि का पाहावा? शॉवरखाली उभं राहणाऱ्याला पाण्यात आधी हात घालून बघायची सवय नसते. उजवा खांदा आणि दंड भाजला. अँब्युलन्स आली.

काका सातला बॉयलर रूममध्ये गेले, झाकण उघडलं, वेळापत्रकातला आकडा वाचला. तेव्हाच त्यांना सगळं कळलं असणार. अकरा वाजता मॅनेजर पाकीट तयार घेऊनच आला, कंट्रोलरमधली नोंद बघून लॉबीत आला आणि त्याने विचारलं, कोणी बदललं?

"आय डिड," काका म्हणाले. आणि जिन्यावर माझ्याकडे बघून मान अगदी थोडीशी हलवली. नाही, अशी.

मी ती मान ऐकली. पुढचं सगळं लिहिण्याआधी हे लिहिणं भाग आहे: मला ती ऐकायची होती.

दुपारी खाली त्यांच्या घरी गेले. काकींनी काही न विचारता चहा ठेवला. काकांनी एकच विचारलं.

"साठ का केलंस, बाय?"

मी बादलीचा हिशोब सांगितला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "नऊ घरांना विसण कळतं. बाकीच्या घरांना कोण सांगणार होतं? तू पत्रक लावणार होतीस?"

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुझे पीआरचे, इथे कायम राहायच्या परवानगीचे कागद सरकारकडे आहेत ना? उगाच त्यात हे नको. कोड मला दिलेला होता. झाकण उघडं टाकून मी गेलो. जहाजावर असं केलं असतं तर चीफ इंजिनियरने पुढच्या बंदरात उतरवलं असतं."

"आणि आता कोण उतरवतंय तुम्हाला?" काकी ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या. "ज्यांनी मार्चपासून व्हॉल्व्ह बदलला नाही, तेच ना?"

त्या घरात एकच खिडकी, जमिनीच्या पातळीवर. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. नऊ वर्षं ते दोघं तिथे राहिले. पहाटे उठून आमच्या बुटांसाठी त्यांनी फावड्याने बर्फ उपसला.

दोन दिवसांनी मी दुसऱ्या मजल्यावर गेले आणि त्या बाईला सांगितलं. तिच्या हाताला पट्टी होती. दारातच उभी राहून तिने सगळं ऐकलं.

"बटण तू दाबलंस?"

"हो."

"मग मी तुझ्यावर चिडले आहे. त्याच्यावर नाही." तिने हातावरची पट्टी सावरली. "तो मला दर हिवाळ्यात गाडी बर्फातून काढून देतो. हे मी लिहून देईन. दोन्ही गोष्टी लिहून देईन."

तिने दिलं. मीही दिलं, माझ्या पूर्ण नावानिशी, कोणतं बटण दाबलं आणि का, ते सगळं. पीआरचं जे व्हायचं ते होईल. कंपनीचं उत्तर आलं: नोंदीत कोड सुपरचा आहे, आणि व्हॉल्व्हबद्दलची तीन पत्रं आम्हाला मिळालीच नाहीत. काकांच्या वहीत तिन्हींच्या प्रती आहेत, सुवाच्य अक्षरात. पण सही एकट्या काकांची. नोकराची सही मालकाला दिसत नाही, हे मला पत्रकं लिहून इतकी वर्षं झाली तरी उमगलं नव्हतं. दुसऱ्या पत्राच्या वेळी त्यांनी मला विचारलं होतं म्हणे, भाडेकरूंच्या वतीने तूही सही करतेस का. मी म्हणाले होते, कंपनीच्या माणसाबरोबर मी सही करत नाही. मला हे आठवतही नव्हतं. त्यांना आठवत होतं, आणि त्यांनी ते सांगितलं नव्हतं. काकींनी सांगितलं.

मग काकांच्या बाजूचं निवेदन घेऊन मी नऊ घरांची दारं ठोठावली. आजींनी दारातच पेन मागितलं. "मी मागतलं होतं पाणी. लिही तसं. माह्या नावानं लिही." सही केली, खाली मुलाच्या घराचा नंबर घातला, मुलगा मागून "आई, आई" करत होता तरी. आणखी एका घराने केली. बाकीच्या घरांनी चकल्या दिल्या. "आपल्याला कशाला भानगड." "लीज रिन्यू व्हायचीय गं." "त्यांनी स्वतःच कबूल केलंय ना?" पाणी सगळ्यांनी घेतलं होतं. त्या दिवशीचे फोटोही टाकले होते, पणत्यांचे, रांगोळीचे, ओल्या केसांचे.

नोकरी आणि घर काढून घेण्याविरुद्ध केलेल्या अर्जाची सुनावणी येत्या मंगळवारी सकाळी सरकारी कचेरीत आहे. महिनाअखेर त्याच्या पुढच्या आठवड्यात. काकींनी भांडी खोक्यांत भरायला घेतली आहेत.

तर आता तुम्ही. त्या नऊ घरांपैकी असाल तर मंगळवारी सुट्टी टाका आणि या. फार बोलायचं नाही. 'पाणी आम्ही मागितलं होतं,' एवढं एक वाक्य, स्वतःचं नाव सांगून. आणि दुसरीकडे कुठे राहत असाल, मार्कहॅमला असा, विंडसरला असा, तर आज संध्याकाळी खाली जा. तुमच्या सुपरचं दार ठोठावा. कंपनीला कशाबद्दल लिहून दिलंय आणि उत्तर आलेलं नाही, ते विचारा. तो कागद मागून घ्या. वाचा, आणि त्याच्या सहीखाली तुमची सही करा, घर नंबरासकट. त्याची नोकरी शाबूत आहे तोवर करा.